कालवड पार्किंगमध्ये

लग्न होऊन कोथरूडहून हडपसरला आले, तेव्हा मला दोनच गोष्टी शिकवल्या गेल्या: सासूला आत्या म्हणायचं आणि गायीच्या मागून जायचं नाही. शेत आधीच बिल्डरकडे गेलं होतं. त्यावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत आम्हाला फ्लॅट मिळाला, आणि भिंतीपलीकडे उरलेल्या तुकड्यावर आत्यांचा गोठा होता. तीन गायी, एक कालवड. फ्लॅटमध्ये आत्या फक्त झोपायला येत, तेही नाइलाजाने.

लंपीची साथ आली तशी सोसायटीतल्या लोकांनी आत्यांकडचा रतीब एकेक करून बंद केला. गायीच्या अंगावर गाठी येतात, तो रोग माणसाला होत नाही, हे सगळ्यांनी वाचलं होतं. पण "कशाला रिस्क" हे पुण्यात कुठल्याही माहितीपेक्षा वरचढ ठरतं.

मग कळलं, सरकारी डॉक्टर लस टोचायला आणि कानात पिवळे बिल्ले मारायला येणार आहेत. आत्यांनी याचा सरळ अर्थ लावला. आधी जमीन मोजली, मग जमीन गेली. आता गायी मोजतात. लंपी बिल्डरनेच सोडली असावी, असाही त्यांचा अंदाज होता. मी त्यांना डास, माश्या, गोचीड समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, माश्याबी त्याच्याच असतील.

डॉक्टर यायच्या दिवशी पहाटे त्यांनी कालवड आणून आमच्या पार्किंगमध्ये बांधली. तिघींना लपवणं शक्य नव्हतं, निदान एक तरी मोजणीतून सुटावी, असा हिशेब. कालवडीने शेजारच्या कुंडीतला मनी प्लँट संपवला आणि सोसायटीच्या अध्यक्षांच्या गाडीचा आरसा चाटून लख्ख केला.

अध्यक्ष हे निवृत्त अधिकारी. कोरोनात त्यांचा मास्क कायम हनुवटीवर असायचा. कालवडीला भेटायला मात्र दोन मास्क लावून आले आणि पिलरच्या आडून मला म्हणाले, "आपण सुशिक्षित आहात, वहिनी." पुण्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. मी म्हटलं, ती आमच्याच पार्किंगमध्ये उभी आहे, रेषेच्या आत. ते रेषा बघायला वाकले, तेवढ्यात कालवडीने शेण टाकलं. तेही रेषेच्या आतच.

त्यांनी फोन करून डॉक्टरांना गोठ्यातून थेट पार्किंगमध्ये बोलावलं. डॉक्टर तरुण होते, घामाघूम झालेले. आत्या कालवडीपुढे उभ्या राहिल्या आणि हलेनात. शेवटी त्यांनी विचारलं, "खरं सांगा डॉक्टर, ह्यो बिल्ला गाय जगवायसाठी हाय, का गाय काढायसाठी?"

डॉक्टरांनी हातातली सिरिंज खाली केली. "लस जगवण्यासाठी आहे, आजी. बिल्ल्याचं पुढे कोण काय करेल, ते मला नाही सांगता येणार."

आत्या बाजूला झाल्या. जमीन गेल्यापासून खोटा दिलासा न देणारा हा पहिलाच सरकारी माणूस भेटला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तरीही थोरल्या गायीला लंपी झालीच. लस उशिरा पोचली असावी. आत्या तिच्याजवळ गोठ्यातच राहू लागल्या. डॉक्टर सांगितलेल्या दिवशी येत, न सांगितलेल्याही येत. पाय सुजलेली ती गाय एका दुपारी उठून उभी राहिली, तेव्हा आत्या पदर तोंडात धरून रडल्या. तिचं दूध मात्र आटलं.

आणि मग महापालिकेची नोटीस आली. नागरिकांची तक्रार, रोगराईचा धोका, जनावरं हलवा. लंपी तोवर ओसरली होती. आत्यांनी नोटीस मला वाचायला लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. बिल्डरने माश्या सोडल्या नव्हत्या, हे मला अजूनही पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.

त्या भांडल्या नाहीत. भावाशी बोलून त्यांनी चारही जनावरं माहेरी न्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी वाहतुकीचा दाखला दिला, टेम्पोही त्यांनीच बघून दिला. आत्यांना सोडायला मी खाली गेले. ड्रायव्हरने पुढच्या सीटवर बसा म्हणून विनवलं, पण त्या मागे चढून थोरल्या गायीला टेकून बसल्या.

मी विचारलं, "परत कधी येणार?"

"फ्लॅटात? बघू, झोप आली तर."

टेम्पो गेटबाहेर पडेपर्यंत वॉचमन सलाम करत उभा होता. अध्यक्षांनी गॅलरीतून पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.