बाबांच्या खांद्यावरची पालखी

माणसाला काहीच नको असणं ही साधना की शिक्षा, हे मला अजून कळलेलं नाही.

बाबांना पक्षाघात झाला. त्यातून हातपाय सावरले, बोलणंही परत आलं, पण हवं-नको गेलं ते गेलंच. रोह्यात कंपनीच्या गेटवर उन्हात उभं राहून युनियनची पत्रकं वाटणारा हा माणूस. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. तेच बाबा आता ओटीवरच्या खुर्चीत दिवसभर बसत. जेवता का? हं. फिरायला जाता का? बघू. आई तापाने फणफणली होती तेव्हाही ते शेजारी बसून होते. मला हाक मारावी हेसुद्धा त्यांना सुचलं नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आळस नव्हे आणि दुःखही नव्हे, मेंदूला इजा झाली की कधी कधी आतून सुरुवातच होत नाही, त्याला अ‍ॅपथी म्हणतात. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन पुन्हा तेच, "अहो, जरा मनावर घ्या ना!"

शेजारची काकू एकदा आईला म्हणाली, "गो वैनी, नशीबवान हायस. राग नाय, हाव नाय. देवमाणूस झालाय तुझा नवरा."

"मग ने तुझ्या घरी. चार दिवस सांभाळ देवमाणूस!" आई म्हणाली. काकू हसली. आई हसली नाही.

मला संताप यायचा. ज्याने काही सोडलं नाही, ज्याच्याकडून हिसकावून घेतलं गेलं, त्याला विरक्त म्हणायचं? हे कसलं वैराग्य? आमच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या देवळात हात जोडून मी देवाला हेच विचारत असे.

दसरा झाला. महाराजांची पालखी निघायच्या दिवशी अंगण सारवता सारवता आई शांतपणे म्हणाली, "पालखी दारावरून गेली की मी जित्याला, भावाच्या गावी जाते. परत यायचं नक्की नाय. मी असले काय, नसले काय, ह्यांना सारखंच."

दुपारी ढोल आले, पालखी दारात थांबली. आईने ओवाळलं आणि दरवर्षी खांदा देणाऱ्या बाबांना विचारलं, "अहो, खांदा देता का?"

"बघू."

तेवढ्यात पालखीचा एक भोई, कधी न पाहिलेला, घामाने निथळत ओरडला, "ओ काका, बघता काय? धरा! माझा खांदा गेला पार!" त्याने बाबांना दंडाला धरून उठवलं आणि दांडा त्यांच्या खांद्यावर दिला. आणि बाबा चालले. ढोलाच्या ठेक्यावर, पाऊल न चुकवता, पार नाक्यापर्यंत. आम्ही मागून धावलो.

नाक्यावर दुसऱ्याने दांडा घेतला. बाबा तिथेच रस्त्यात उभे राहिले, लोक त्यांच्या बाजूने जात राहिले. चेहऱ्यावर आनंद नाही, काहीच नाही. आई समोर उभी राहून वाट बघत होती. मग चारचौघांत कधी नवऱ्याचा हात न धरलेल्या माझ्या आईने त्यांचं मनगट धरलं. "चला." ते निघाले. वाटेत त्यांची बोटं तिच्या हातावर मिटली. ती माया होती की नुसती सवय, मला ठरवता येत नाही. आईने तिच्यापुरतं ठरवलं. ती जित्याला गेली नाही.

त्या भोयाला मी नंतर खूप शोधलं. "बाहेरगावचा असंल," एवढंच लोक सांगतात. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. तो जिथे असेल तिथे माझा नमस्कार. समर्पण म्हणजे माणसाने स्वतः होऊन उचललेलं पाऊल, असं मी मानत आले होते. बाबांकडे वाहायला इच्छासुद्धा नव्हती, तरी त्यांची सेवा स्वीकारली गेली. हे कसं, ते मला उमगत नाही आणि आता उमगायलाच हवं असा हट्टही उरलेला नाही.

आई आता विचारत नाही. कप हातात देते, ते पितात. कधी कधी ती रडतेही. परवा मी चिडून म्हटलं, "एकदा तरी त्यांनी स्वतःहून मागावं गो!"

बाबांच्या सदऱ्याची बटणं लावता लावता ती म्हणाली, "देव तरी कधी मागतो? नैवेद्य दाखवायचा थांबलोय का आपण?"