चौथा भाग घेण्याआधी

गेल्या दिवाळीनंतर त्या गेमचा चौथा भाग आला. तिसरा भाग मी सत्तावीस वर्षांचा असताना खेळलो होतो आणि आता माझी चाळिशी उलटून गेली आहे. गेम डावपेचांचा आहे. नदीकाठी एक छोटी वस्ती मिळते, ती वाढवत न्यायची. शेती बसवायची, बाजार उभा करायचा, शेजारच्या राज्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. एक पाळी आपली, एक समोरच्याची. मी तलासरीला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. रोज डहाणूहून स्कूटरने जातो, आवक-जावक सांभाळतो आणि संध्याकाळी परत येतो. असल्या गोष्टीची मी इतकी वर्षं वाट पाहत होतो, हे माझ्या टेबलाच्या आजूबाजूच्या कुणालाच माहीत नव्हतं.

तीन आठवडे तो गेम कार्टमध्ये पडून होता. मी रोज पान उघडायचो, लोकांची मतं वाचायचो आणि बंद करायचो. मतं काही फार चांगली नव्हती. गेम अर्धाच तयार आहे, पुढे वर्षभर दुरुस्त करत बसतील, असं बरेच जण म्हणत होते. शत्रूची राज्यं वेड्यासारखी वागतात अशी तक्रार होती. माझा लॅपटॉप जुना, ऑफिसचा साधा तक्ता उघडला तरी त्याचा पंखा घरघरतो. शिवाय वेळ कुठून आणणार, हा प्रश्न होताच. ही सगळी कारणं खरी होती आणि मी ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा उगाळायचो, खरं कारण वर येऊ नये म्हणून.

बायको कोसबाडजवळच्या एका शाळेत शिकवते. एका रविवारी सकाळी ती माझ्या मागून आली आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अजून हेच बघतोयस? घे ना मग."

मी तिला लॅपटॉपचं सांगितलं, लोकांच्या तक्रारींचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तू फ्रिज घेतानासुद्धा एवढं वाचलं नव्हतंस," ती म्हणाली. "खरं काय आहे?"

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते लग्नानंतरच्या अकरा वर्षांत सांगितलं नव्हतं.

आमचं जुनं घर किनाऱ्यालगत आहे. वडील बोटीवर खलाशी होते, आई पहाटेच मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची. दिवसभर घरात मी एकटा. पदवी झाली होती आणि मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. सराव परीक्षा कॉम्प्युटरवर देता याव्यात म्हणून मामाने त्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. पहिले दोन-तीन महिने मी अभ्यास केला, अगदी मनापासून. मग एका मित्राने गेमचा तिसरा भाग पेनड्राइव्हवर दिला आणि पुस्तकं कॉम्प्युटरच्या शेजारी उघडी राहू लागली, नुसती उघडी.

काका-काकी शेजारीच राहायचे आणि माझ्या खिडकीला लागूनच काकीच्या वलांड्या होत्या. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वाळत घालतात, त्या वलांड्या. सकाळी तिथे चार-पाच बायका बसायच्या. बोंबील जोडता जोडता त्यांच्या गप्पा चालायच्या, मराठीत आणि मधूनच गुजरातीत, कारण सुकी मासळी घ्यायला येणारे बरेचसे गुजरातीच बोलत. त्यांच्यातली एक काकीची लहानपणापासूनची मैत्रीण. मी तिला मावशी म्हणायचो. तिचा आवाज सगळ्यांत मोठा. ती नवऱ्याची, सुनेची, व्यापाऱ्याची हुबेहूब नक्कल करायची आणि हसायला लागली की पलीकडच्या आळीत ऐकू जायचं.

गेममध्ये शत्रू सीमेजवळ आला की दूरवर नगारा वाजतो. अगदी हलका. माझ्या हेडफोनची एक बाजू बंद पडली होती आणि मावशीच्या आवाजात तो नगारा मला ऐकू यायचा नाही. दोनदा माझं बंदर त्यामुळे गेलं.

एक दिवस काकी खिडकीशी आली. मी झटकन पुस्तक पुढे ओढलं. तिने गजातून आत बघत विचारलं, "आमच्या बडबडीचा तुला त्रास होतो काय रे?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "थोडा होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर आलो तर वलांड्या नव्हत्या. काकीने आणि काकाने त्या उपटून आळीच्या पार टोकाला, खाजणाच्या बाजूला नेऊन रोवल्या होत्या. तिथली जमीन सखल, ओल धरणारी. बोंबील वाळायला एक दिवस जास्त लागायचा आणि ओल्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन तिला दोनदा-तीनदा तेवढं अंतर चालावं लागायचं. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. आईने मला सांगितलं, काकी सगळ्यांना म्हणते की आपल्या घरात पहिला साहेब व्हायचाय, आपण एवढं तर करायलाच पाहिजे. मी मान हलवली. मला खरंच बरं वाटलं होतं, कारण आता नगारा ऐकू येत होता.

असे दोन हंगाम गेले. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये, भर दुपारी, आभाळ भरून आलं. माझ्या खिडकीतून ते मला दिसत होतं. आळीत कुणीच नव्हतं, बायका जेवायला घरी गेल्या होत्या, काकी बँकेत गेली होती. वलांड्या भरलेल्या होत्या हे मला माहीत होतं, सकाळीच ती पाटी घेऊन माझ्यासमोरून गेली होती. पूर्वीच्या जागी, घरांजवळ असत्या तर जेवणावरून उठून कुणीही पटकन हात लावला असता. मी एका शहराला वेढा घातला होता आणि दोन पाळ्यांत ते पडणार होतं. मी स्वतःशी म्हणालो, ही एक पाळी झाली की जातो. मग आणखी एक झाली. पत्र्यावर थेंब वाजायला लागले तेव्हा मी उठलो.

पळत गेलो, पण काकी माझ्या आधीच पोहोचली होती. रिक्षातून उतरून तशीच धावत आली असावी, बँकेचं पासबुक तिने तोंडात धरलं होतं आणि दोन्ही हातांनी बोंबील ओढत होती. मीही ओढायला लागलो. अर्ध्याहून जास्त भिजले. भिजलेल्या बोंबलांना दोन दिवसांत किडे लागतात, तो माल शेवटी कोंबड्यांच्या खाद्याला गेला. पण ते नंतर. त्या क्षणी ती पावसात उभी होती, मला बघून तिने पासबुक तोंडातून काढलं आणि म्हणाली, "तू कशाला आलास अभ्यास टाकून? जा, डोकं पूस."

त्या परीक्षेत मी पहिल्याच फेरीत बाद झालो. पेपर फार अवघड होता असं काकीने आळीभर सांगितलं. पुढे मी कॉम्प्युटर मामाला परत केला, लहान पदाची परीक्षा दिली आणि तलासरीला लागलो. तरी काकीच्या घराने मला साहेब म्हणूनच मानलं. पहिल्या पगाराचे पेढे काकीने आधी देवापुढे ठेवले आणि मग मला भरवले.

बायकोने हे सगळं ऐकलं. सुरुवातीला, नगाऱ्याच्या वेळी, ती हसली होती. नंतर हसली नाही. बराच वेळ ती टेबलावरचं टाचणीचं डबडं उघडझाक करत राहिली.

"हे मला सांगून काय होणार?" ती म्हणाली. "तिला सांग."

मला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ दे, आता किती वर्षं झाली. मी तेवढ्यासाठीच सांगितलं असावं.

पुढच्या शनिवारी मी काकीकडे गेलो. काका आता नाहीत. ती वलांड्या लावत नाही, गुडघ्यांमुळे फार चालत नाही, ओटीवर बसून सोडे निवडून देते. मी समोर बसलो आणि सांगितलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मोबाइलवर पोरं खेळतात तसं काय, तिने विचारलं. मी म्हणालो, तसंच, पण मोठं, तासन्‌तास चालणारं. सगळी दोन वर्षं, तिने विचारलं. मी म्हणालो, जवळजवळ सगळी.

ती सोडे निवडत राहिली. मग थांबली.

"पाऊस आला तेव्हा पण?"

"तेव्हा पण. मला ढग दिसले होते."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तयारी करून गेलो होतो की ती रागावेल, किंवा म्हणेल की मला माहीतच होतं. मोठी माणसं असं म्हणतात आणि आपण सुटतो. पण तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिला एकदाही शंका आली नव्हती, आणि ते मी तिच्या चेहऱ्यावर बघत होतो.

मग ती म्हणाली, "बोंबील गेले ते गेले. पण तिला मी तुझ्यापायी बोलले."

मला समजेना. मग तिने सांगितलं ते मला पूर्णपणे नवीन होतं. वलांड्या हलवल्या तरी वाऱ्यावर मावशीचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत येईल, अशी काकीला भीती वाटायची. ती मावशीला सारखी हळू बोल म्हणायची. एक दिवस सगळ्या बायकांसमोर तिच्या तोंडून निघालं, तुझ्या घरात कुणी शिकलं नाही म्हणून तुला कळत नाही. मावशीने हातातले बोंबील खाली ठेवले, उठली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्यांच्या वलांड्यांवर बसायला लागली. दोघी एकाच आळीत राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढे मावशी मुलीकडे राहायला गेली. मुलगी तलासरीत होती.

"तुला पत्ता माहीत आहे?" मी विचारलं.

तिला माहीत होता. कुणाकुणाकडून तिने विचारून ठेवला होता, गेली मात्र कधीच नव्हती. पत्ता ऐकून मला कानकोंड्यासारखं झालं. माझ्या ऑफिसच्या मागच्याच रस्त्यावरची चाळ होती ती. सात वर्षं मी त्या चाळीसमोर स्कूटर लावत होतो.

काकीने दोन आठवडे मला काही कळवलं नाही. मग तिचा फोन आला की रविवारी ने. मी एका ओळखीच्याची गाडी मागून घेतली, कारण तिला स्कूटरवर बसवत नाही. वाटेत चिकूच्या वाड्या संपल्यावर तिने एवढंच विचारलं की तिथे गेल्यावर कोण बोलणार. मी म्हणालो, मी बोलतो.

मावशी दारातच बसली होती, खूप वाळलेली. काकीला बघून ती उठली नाही, पण सरकली आणि जागा केली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जसं काकीला सांगितलं होतं तसं. शब्द तेच आले, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते पाठ केल्यासारखे वाटले याचीही मला लाज वाटली. मावशीची मुलगी आतून चहा घेऊन आली होती, ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

मावशीने सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "मग जिंकलास काय?"

"नाही," मी म्हणालो. "बहुतेक वेळा अर्ध्यावरच सोडायचो."

ती काकीकडे वळली. "बघ. ह्याच्यासाठी," ती म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. काकीने नुसता मावशीच्या मांडीवर हात ठेवला. मावशीने तो काढला नाही. मग मुलगी म्हणाली की दादा, तुम्ही बाहेर बसा जरा, आणि मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. आत दोघी बोलत होत्या की नुसत्याच बसल्या होत्या हे मला कळलं नाही. तासाभराने काकीने हाक मारली. परत येताना ती गाडीत झोपली, की डोळे मिटून बसली होती, तेही मला माहीत नाही. घरी उतरताना तिने मला सांगितलं की पुढच्या वेळी मावशीची मुलगीच तिला घ्यायला येईल, तू यायची गरज नाही.

काकी माझ्याशी बोलते. सणाला ताट पाठवते. पण कुणी घरी आलं की पूर्वी ती माझी ओळख करून देताना माझ्या शिक्षणाचं सांगायची, ते आता सांगत नाही. हा आमचा पुतण्या, एवढंच म्हणते. त्यात चूक काहीच नाही.

आणि गेम मी घेतला. मावशीकडे जाऊन आल्यानंतर आठच दिवसांनी. बायकोला आधी सांगितलं, ती ठीक आहे म्हणाली. लोकांच्या तक्रारी बरोबर होत्या, गेम खरोखरच अर्धवट आहे, शेजारची राज्यं उगाच तह करतात आणि उगाच मोडतात, लॅपटॉप तापतो. तरी रविवारी दुपारी दोन तास मी तो खेळतो आणि मला तो आवडतो, हेही खरं आहे. दार उघडं ठेवून खेळायचं आणि कुणी विचारलं तर खेळतोय असंच सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

परवा रविवारी मी खेळत असताना ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. तो गंजाडचा, घरी भाताची झोडणी चालली होती, मागे माणसांचे आवाज येत होते. सोमवारच्या एका फाईलविषयी त्याला विचारायचं होतं. बोलता बोलता त्याने सहज विचारलं की सर, काय करताय. मी म्हणालो, जरा वाचत बसलोय. तो लगेच म्हणाला, मग राहू दे, तुम्हाला डिस्टर्ब नको, उद्या बघू, आणि त्याने फोन ठेवला. मी तो परत लावायला हवा होता. फोन हातात घेऊन मी थोडा वेळ बसलो, आणि लावला नाही.