सुनेची चूल

यांगडोल म्हातारी हट्टाला पेटली की याकसुद्धा वाट सोडून देई. मुलाचं लग्न झालं तेव्हा तिने रीतीप्रमाणे मोठं घर सुनेच्या हवाली केलं आणि अंगणापलीकडच्या धाकट्या घरात आपलं बिऱ्हाड मांडलं. तेव्हापासून मोठ्या स्वयंपाकघरात ती बसायची, जेवायची, पण तिथल्या पळीला तिने बोट लावलं नाही. "एकदा दिलं ते दिलं," म्हणायची. सून नोर्झिनने कधीतरी "आमाले, जरा थुकपा ढवळता का?" म्हणावं, म्हणून मात्र तिचा जीव आसुसलेला होता. मेली असती तरी हे कुणाला बोलली नसती.

त्या उन्हाळ्यात मुलगा आणि सून खिंडीपलीकडे सुनेच्या माहेरी गेले, भावाचं बाळ बघायला. जाताना नोर्झिनने सासूच्या हातात किल्ली ठेवली. "आत सगळं आहे, आमाले," एवढंच म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी पाठीवर बोजा घेऊन एक मुलगी एकटीच चालत वर आली. मेहुली, कोलकात्याची. गावात मुक्कामाला येणारे भटके पाहुणे घरोघरी क्रमाने जात, आणि या खेपेचा मान यांगडोलच्या मोठ्या घराचा होता.

शेजारीण झांगमो टपूनच होती. "सून घरात नाही, चुलीला तू शिवत नाहीस. पोरीला काय वारा खायला घालणार? पाठव माझ्याकडे."

"माझ्या घरचा पाहुणा तुझ्या ताटावर कशाला? तू आपली मेंढरं सांभाळ."

बोलून तर बसली. कुलूप काढून आत गेली आणि थबकली. चुलीत शेणी आणि काटक्या नीट रचलेल्या, शेजारी काडेपेटी, पळी धुऊन पुढ्यात ठेवलेली. परीक्षा बघतेय बया, यांगडोलच्या मनात आलं. सासू चुलीत हात घालते का, ते बघायचंय हिला.

मग तिने आपल्या खोलीतल्या इवल्याशा शेगडीवर कणकेच्या तुकड्यांचा पातळ थुकपा रांधला आणि पातेलं पदराखाली घेतल्यासारखं छातीशी धरून अंगणातून नेलं. तरी निवलाच. मेहुली घोंगडी पांघरून जेवली.

"आबीले," गावातल्या पोरांसारखी आजीला हाक मारत ती म्हणाली, "ही चूल पेटवू का मी? तुमची सून रागावेल?"

"नाही रागावणार. काही बोलणारच नाही. म्हणून तर पेटवायची नाही."

मुलीला काही उमगलं नाही. सकाळी लोणी घातलेला खारा चहा पिऊन ती पुढच्या गावाला गेली.

संध्याकाळी नोर्झिन परतली ती थेट चुलीपाशी. "पाहुणी आली होती ना? झांगमो वाटेतच म्हणाली."

"आली, जेवली, गेली. तुझ्या चुलीला मी हात लावलेला नाही." यांगडोलची मान ताठ होती.

नोर्झिनने रचलेल्या काटक्यांकडे बोट दाखवलं. "मग ही मी कुणासाठी रचली होती, आमाले? तुमच्या हातचं खायची इच्छा लग्न झाल्यापासूनची आहे. पण म्हाताऱ्या सासूला पुन्हा कामाला जुंपलं, असं म्हणाल तुम्ही, म्हणून तोंड उघडलं नाही. वाटलं, पाहुण्याच्या निमित्ताने तरी पेटवाल." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

यांगडोलला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणीच आलं. ते लपवायला ती चुलीपुढे गुडघ्यांवर बसली.

"सांगायचं नाही होय गं, मूर्ख पोरी?" ती म्हणाली. "सरक तिकडे. आणि पीठ कुठे ठेवलंयस ते दाखव. मी ठेवायचे तिथे तर दिसत नाही."