टाकीतलं पाणी

टँकरच्या पाण्याला येणारा ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला वाळूजच्या आमच्या प्रार्थनागृहामागची बाप्तिस्म्याची सिमेंटची टाकी आठवते. एका दुष्काळात ती कोरडी होती आणि माझ्या आजारी आईला बाप्तिस्मा हवा होता, कारण तो झाल्याशिवाय आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर मिळत नसे. दर खेपेला भाकरीचं ताट माझ्यापासून तिला ओलांडून पुढं जायचं. "पाळकसाहेब, घागरभर पाण्यानं नाय का व्हायचं?" तिनं एकदा आमच्या मंडळीच्या पाळकांना विचारलं. "पूर्ण बुडूनच घ्यावा लागतो, मावशी. आणि तारण विश्वासानं होतं, पाण्यानं नाही. घाई कशाला?" ते हसून म्हणाले. ती भाकर न चाखताच आई गेली. पुढच्याच महिन्यात पाळकांच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला आणि टँकर आले, टाकी काठोकाठ भरली. रविवारी सकाळी मुलगी पांढऱ्या झग्यात उभी असताना मी मागं जाऊन टाकीचा गल्लीकडचा नळ पूर्ण सोडला. "पाणी आलं गं!" कुणीतरी ओरडलं आणि बाया हंडे घेऊन धावल्या. त्या रांगेसमोर नळ बंद करायची पाळकांची हिंमत झाली नाही. "हे काय केलंस, बेटा?" ते म्हणाले. "तारण विश्वासानं होतं, पाण्यानं नाही," मी म्हणाले, "घाई कशाला?" आता ते थकलेत आणि टाकीला निळी फरशी बसलीय. मनात वैर ठेवून ती भाकर खाऊ नये, अशी आमची शिकवण आहे. मी ती मानते. ताट आलं की पुढं सरकवते.