कॉफीआधीची भैरवी

अमेरिकेत श्रूजबरीला आले तेव्हा माझा व्हिसा डिपेंडंट होता. म्हणजे नोकरी करायची नाही, नवऱ्याच्या डब्याच्या पोळ्या लाटायच्या. मला ते झेपेना. गाणं शिकलेली होते, म्हणून शेजारणीबरोबर तिच्या चर्चच्या क्वायरमध्ये घुसले.

तिथले ऑर्गनवादक आणि क्वायरचे मास्तर जर्मन होते. तरुणपणी तिकडच्या एका गावातलं चर्च सोडून इकडे आले, ते या ऑर्गनसमोरच म्हातारे झाले. शिस्त अशी, की आम्ही श्वाससुद्धा त्यांच्या खुणेनेच घ्यायचा. पहिल्याच दिवशी मी एका लांब सुरावर छोटीशी मुरकी घेतली. त्यांचा हात हवेतच थांबला.

"मॅडम, हे कागदावर नाही."

"पण छान वाटतं ना?"

"छान वाटतं. तरी नाही."

मी घरी जाऊन भांडी आपटली.

पण त्यांचं दुखणं कळलं आणि माझा राग दुसरीकडे वळला. प्रार्थना संपली की दर रविवारी ते एक मोठी रचना वाजवायचे. आठवडाभर तिची तयारी करायचे. आणि इकडे पहिले सूर निघाले की लोक उठून शेजारच्या हॉलमध्ये कॉफी-डोनटवर तुटून पडायचे. "माझं करिअर कॉफीला साथ करण्यात गेलं," असं ते म्हणायचे. २००५च्या उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. शेवटच्या रविवारी तरी लोकांनी शेवटच्या सुरापर्यंत बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण तसं जाहीर करू द्यायला ते तयार नव्हते. सांगून बसवलेले श्रोते त्यांना नको होते.

त्याच सुमारास सासरे पुण्याहून आले होते. मास्तरांच्या त्या शेवटच्या रविवारी ऑर्गन म्हटल्यावर ते लगेच कोट घालून तयार. जन्मभर संगीत नाटकं पाहिलेला माणूस. तिथे साथीला पायाने भाता मारायचा ऑर्गन असायचा. मी गाडीतच दम भरला, "बाबा, तिथे वा म्हणायचं नाही. मांडीवर ठेका धरायचा नाही."

"मग ऐकायचं कसं?"

प्रार्थनाभर बिचारे गप्प बसले. शेवटची रचना सुरू झाली आणि नेहमीसारखे लोक उठू लागले.

"कुठे चालले हे?"

"कॉफीला."

"वाजवणं चालू असताना?" बाबांचे कान लाल झाले. मी त्यांचा हात धरून ठेवला, पण शेवटचा सूर विरतो न विरतो तोच हात सोडवून ते उभे राहिले आणि खड्या आवाजात ओरडले, "वन्स मोअर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारातले लोक होते तिथेच थबकले. मास्तरांनी वळून बाबांकडे पाहिलं, पानं उलटून पहिलं पान काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. आता जायची कुणाची हिंमत होणार? सगळे ओशाळून मिळेल त्या बाकावर बसले. एकाच्या हातात तर अर्धा डोनट होता. शेवटच्या सुरापर्यंत कुणी हललं नाही.

मास्तर खाली उतरून थेट आमच्याकडे आले. बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, भैरवी झाल्याशिवाय आम्ही मैफलीतून उठत नाही." मी भैरवी समजावून सांगितली.

मास्तरांनी चष्मा काढला. "मॅडम, हे कागदावर नव्हतं."

"पण छान वाटलं ना?"

बाबांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.