सांगून टोचणारा माणूस

नामदेवकाका गेल्याला आता दीड महिना झाला. फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याला बीडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. गावातल्याच एकानं बातमी सांगितली आणि वर म्हणतो कसा, "डोळ्याचं ऑपरेशन तर झकास झालतं की!" हेच वाक्य मी पुढं दहाव्यापर्यंत किती जणांच्या तोंडून ऐकलं... दरवेळी डोकं सणकलं. माणूस म्हणजे नुसता डोळा असतो का?

काका आमच्या दूध संस्थेत जनावरांच्या डॉक्टरांचे मदतनीस. दुष्काळात संस्थेनं चारा छावणी लावली, तेव्हा रोज जनावरांना इंजेक्शनं असायची. काका आधी बैलाच्या मानेवर हात ठेवणार, "आता टोचनार हाय, जरा दम धर," असं त्याला सांगणार, मगच डॉक्टरांना खूण करणार. डॉक्टर हसायचे. पण बैल खरंच गप उभा राहायचा.

पुढं संस्थेनंच मोतीबिंदूचं शिबिर घेतलं. मी सचिव, यादीत काकांचं नाव मीच घातलं. तोंडावर कापड टाकल्यावर माणूस जागा असतो का, मधेच खोकला आला तर काय करायचं, असं ते आठवडाभर मला विचारत होते. मी अध्यक्षांच्या सत्काराच्या गडबडीत. पाच मिनिटांचं काम आहे म्हणून उडवून लावलं. आत कापडाखाली त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही. जेवणात काय आहे, यावर डॉक्टर-नर्स आपसात मात्र बोलत होते. भीतीनं काकांचा हात हलला, तेव्हा तेवढे खेकसले.

नजर आली. पण काकांची झोप उडाली, जेवण तुटलं, गोठ्याकडं फिरकेनात. तपासणीत त्यांनी सगळी अक्षरं वाचली, डोळ्यांचे डॉक्टर खूश! ते जेवत नाहीत असं मी सांगितलं, तर म्हणे वय झालं. अरे, वय काय एका दिवसात होतं? आत काय झालं ते काका माझ्याजवळ एकदाच बोलले, "जनावराला बी आपन सांगून टोचतो. मला कुनी सांगितलंच न्हाई रं." त्यानंतर दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून जायचे.

जायच्या आदल्या दिवशी छातीत कळ आली. मी जीप दारात आणली. काकूंनी हातापाया पडून त्यांना उठवलं. काकांनी एक पाय जीपमध्ये ठेवला आणि मला विचारलं, "आतमदी तू संगं राहशील का?"

खोटं बोलायला काय झालं होतं मला? "आत सोडत नाहीत, काका," म्हणालो.

त्यांनी पाय खाली घेतला.