एकदा तरी टक्‌

पत्र्याचं काम करणारे हमीदभाई आमच्या जुन्या व्हॅनला चुंबक लावत चालले होते. पत्रा असला की ते टक्‌कन चिकटायचं. दारापाशी मात्र निसटून खाली पडलं.

"वहिनी, इथं पत्राच उरला नाही. नुसती पुट्टी, वर रंग."

नोकरी गेल्यावर ह्यांनी नाश्त्याच्या गाडीसाठी ही व्हॅन घेतली होती, होतं नव्हतं ते घालून.

"होईल गं नीट," हे म्हणाले. कित्येक महिने हे असंच म्हणतायत, गुळगुळीत आवाजात. माझं "हो ना"ही तितकंच गुळगुळीत. आमचं घरही बहुधा ह्या पुट्टीवरच उभं आहे. चुंबक कुणी लावलं नाही, एवढंच.

मी चुंबक उचललं आणि त्याच दारावर पुन्हा पुन्हा लावत राहिले. एकदा तरी टक्‌ वाजावं म्हणून.